छायाचित्रसंग्रहांतील व्यक्तिशोध : नांव व मुखवटा

हस्तलिखितांच्या संग्राहकाकडे कोणीं ‘नीलकंठाचा ग्रंथ’ एवढेंच म्हणून मागणी केली तर तो प्रथम विचारील, कोणता नीलकंठ? महाभारताचा टीकाकार गोविंदसुत चतुर्धर, कीं भगवंतभास्कराचा कर्ता शंकरभट्टात्मज? दोघेहि महाराष्ट्रीय कुळांतले, दोघांचेंहि वास्तव्य काशीस, आणि शतकहि एकच, सतरावें. ऑफ्रेख्टनें आपल्या बृहत्सूचींत (१८९१–१९०३) अशा समाननाम ग्रंथकारांस पित्याच्या नांवावरून निराळें केलें, म्हणून ती सूचि अद्यापि हाताशीं ठेवावी लागते.

हाच प्रश्न आतां छायाचित्रांच्या संग्रहांत उभा राहिला आहे. हे संग्रह संगणकावर ठेवण्याचा प्रघात पडला असून, ‘एआय एजंट’ म्हणून जो यांत्रिक कारकून निघाला आहे त्यास धन्याच्या वतीनें त्यांत शोध घेण्यास सांगतां येतें. त्याच्या हातीं व्यक्तिशोधाचें एक साधन दिलेलें असतें. त्यास नांव द्यावें. तें त्या व्यक्तीची खूणसंख्या देतें. त्या संख्येवरून चित्रें निघतात. साधनासोबत एक वापरपत्रक असतें, व कारकून तें वाचून त्याबरहुकूम वागतो. हें पत्रक कसें लिहावें हा विषय यंत्रज्ञांचा समजला जातो. आमच्या मतें तो सूचिकारांचाहि आहे.

छायाचित्रांतून मनुष्य हुडकण्याची अडचण जुनी आहे. पॅरिसच्या पोलीस खात्यांत १८७९ सालीं आल्फोन्स बेर्तियों हा कारकून म्हणून लागला, तेव्हां तेथें गुन्हेगारांच्या चित्रांचे ढीग होते; परंतु पकडलेला इसम खोटें नांव सांगे, आणि नांवावरून लावलेला ढीग निरुपयोगी ठरे. बेर्तियोंनें नांव बाजूस सारलें व डोकें, हात, पाय यांच्या मापांवरून पत्रिका लाविल्या. १८८३ च्या फेब्रुवारींत त्या पद्धतीनें पहिला मनुष्य ओळखला गेला. आजचें यंत्र तत्त्वतः हेंच करतें. चेहऱ्याचें रूप तें एका संख्यावलींत उतरवितें (गूगलच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत अशा १२८ संख्या आहेत), आणि ज्यांच्या संख्या जवळ येतात ते चेहरे एका गटांत घालतें. येथवर नांवाचा संबंध नाहीं. त्या गटास नांव देतो तो मनुष्य.

तो चुकला म्हणजे काय होतें याचें उदाहरण आमच्याच घरचें आहे. आमच्या संग्रहांतील दोन गट दाखवून यंत्रानें विचारलें कीं, ही एकच व्यक्ति काय? दोन्हींकडे तेंच पागोटें, तेंच नाक. आम्हीं घाईनें ‘होय’ म्हटलें. पुढें पणजोबांविषयीं टिपण करावयास सांगितलें असतां कारकुनानें त्यांचें म्हणून जें चित्र पुढें केलें, त्याच्या पाठीवर १९३१ चा शिक्का होता. पणजोबा तर शके १८४० च्या साथींत निवर्तले. तें चित्र आजोबांच्या थोरल्या बंधूंचें. ते निपुत्रिक वारले आणि त्यांचें दुसरें चित्र नाहीं. आमच्या एका अक्षरानें ते स्वतःच्याच घरांतून नाहींसे झाले होते. यंत्रास दोष देण्यास जागा नाहीं.

अशी चूक छापली गेली म्हणजे ती किती जगते, हेंहि वाचकांस ठाऊक आहे. १८५७ त लंडनमध्यें नानासाहेब पेशव्यांचें म्हणून जें चित्र पसरलें, तें वस्तुतः लष्कराचा पुरवठादार जोतीप्रसाद याचें होतें, असें फोर्ब्स-मिचेल या सैनिकानें १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिलें आहे. शिवाय नुसतें ‘नानासाहेब’ म्हटल्यानें बाळाजी बाजीराव कीं बिठूरचे धोंडोपंत, हाहि उलगडा व्हावयाचा नाहीं.

म्हणून वापरपत्रकांत स्पष्ट लिहिलें पाहिजे कीं, एका नांवाचे अनेक असतील तर सर्वांचीं नांवें पुढें ठेवावीं, एकहि स्वतः निवडूं नये. कोणी न सांपडल्यास ‘नाहीं’ म्हणावें, जवळचें नांव देऊन वेळ मारूं नये. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नांवासोबत तें कोणीं, केव्हां, कशावरून दिलें हें परत द्यावें. शेवटचें कलम आमच्या पाहण्यांत आलेल्या पत्रकांत नाहीं. पोथीच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव व शक कां असतो, हें ज्यांस कळतें त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको. जिवंत मनुष्यांच्या चित्रांविषयीं तर आणखी एक निर्बंध हवा : कोण्या अनोळख्याचा चेहरा देऊन त्याचें नांव विचारण्याची मुभा या साधनास असूं नये.

आम्हीं ते दोन गट पुनः वेगळे केले. थोरल्या आजोबांच्या गटाखालीं आतां असें लिहिलें आहे : ‘नांव देणारा, नातू. आधार, पाठीवरील शिक्का व आत्याबाईंची साक्ष.’ आत्याबाईंचें वय ९१ आहे. पेटींतील आणखी चाळीस चित्रें त्यांना दाखवावयाचीं राहिलीं आहेत.