नोव्हेंबरमधल्या पाच तारखा

आगमनाची शताब्दी साजरी करताना आपण एक तारीख धरतो: एक जहाज, एक धक्का, पूर्वजांचे परक्या मातीवरचे पहिले पाऊल. सुरिनामहून नेदरलँड्सला आलेल्या घरांत ती तारीख ५ जून १८७३ आहे. त्या दिवशी 'लल्ला रूख' जहाज पारामारिबोला लागले. मॉरिशसच्या घरांत २ नोव्हेंबर सांगतात. पण एका तारखेत सगळा इतिहास मावत नाही. या स्मरणिकेसाठी म्हणून मी नोव्हेंबर हा एकच महिना घेतला आहे. आपल्या लोकांचे जाणे, त्यांचा झगडा आणि अखेरीस या देशात येणे, या तिन्ही गोष्टी त्यात सापडतात.

२ नोव्हेंबर १८३४

'अ‍ॅटलस' जहाज ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईला पोहोचले. बेटावरची गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपायची होती आणि उसाच्या मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते. कलकत्त्यात सप्टेंबरमध्ये करार झाला होता, मुदत ५ वर्षांची.

जुन्या कागदांत या ३६ जणांना 'धनगर' म्हटले आहे. मराठी वाचकाला वाटते, हे आपल्याकडचे मेंढपाळ. तसे नाही. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी मजुरांना त्या काळी कलकत्त्यात हेच नाव होते. आपली कोकणातली माणसे पुढे मुंबई बंदरातून गेली. कागदावरचा शब्द ओळखीचा दिसला म्हणून तो आपलाच असेल असे नाही, हे वंशावळ शोधणाऱ्याने आधी ध्यानात ठेवावे.

पुढच्या काळात मॉरिशसला जवळजवळ पाच लाख माणसे गेली. ती ज्या पायऱ्यांवरून चढली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे सुताराचे हत्यार. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण ऐकताना तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

१६ नोव्हेंबर १८६०

मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' जहाज ३४२ जणांसह नाताळ वसाहतीतल्या डर्बनला लागले. दहा दिवसांनी कलकत्त्याहून 'बेल्व्हेडेर' आले. १९११ पर्यंत नाताळात दीड लाखांहून अधिक गिरमिटिये उतरले. मुदत संपल्यावर जे मायदेशी परतत नसत आणि पुन्हा करारही करत नसत, त्यांच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसवण्यात आला. मजुराच्या हातात पडणाऱ्या पैशांच्या मानाने ही रक्कम डोईजड होती. मोकळे व्हायचे तर पैसे भरा, नाहीतर पुन्हा मळ्यावर जा, असा त्याचा अर्थ.

१४ नोव्हेंबर १९१२

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले या दिवशी प्रिटोरियाला बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या कायदेमंडळात गिरमिट पद्धतच बंद करावी असा ठराव आणला होता आणि तो फेटाळला गेला होता. प्रिटोरियाच्या भेटीतून ते परतले, ते ३ पौंडांचा कर जाणार अशी खात्री मनात घेऊन.

या दौऱ्यातली एक गोष्ट आपल्या भाषेची आहे. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय राहत होते. गांधीजींनी गोखल्यांना आग्रह केला की त्यांच्यापुढे मराठीतच बोला, हिंदुस्थानीत मी सांगतो. तुम्हाला मराठी कधीपासून येऊ लागली, अशी गोखल्यांनी थट्टा केली. पण मानले मात्र, आणि पुढे झांजिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलले.

६ नोव्हेंबर १९१३

सरकारने असे वचन दिलेच नव्हते म्हटले आणि कर तसाच राहिला. तेव्हा नाताळच्या कोळसा खाणींतल्या गिरमिटियांनी काम थांबवले. ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालच्या हद्दीकडे पायी निघाली. हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता आणि तो करण्यासाठीच ती निघाली होती. गांधीजींना चार दिवसांत तीनदा अटक झाली. मोर्चेकऱ्यांना गाड्यांत भरून परत नेले, तरी संप पसरतच गेला. १९१४ मध्ये कर रद्द झाला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत वारले. गिरमिटासाठी होणारी भरती १९१७ मध्ये थांबली, ती पाहायला ते नव्हते.

२५ नोव्हेंबर १९७५

डच वसाहत असलेल्या सुरिनाममध्ये १८७३ ते १९१६ या काळात ६४ जहाजफेऱ्यांतून ३४,३०४ हिंदुस्थानी गेले. त्यांना 'कंत्राकी' म्हणत. जहाजे कलकत्त्याहून सुटत, म्हणून त्यांत मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची माणसे होती. सुमारे एक तृतीयांश परत गेली, बाकीची राहिली. परतीचा हक्क सोडणाऱ्याला १०० गिल्डर आणि जमीन मिळे.

सुरिनाम स्वतंत्र झाले ते २५ नोव्हेंबर १९७५ रोजी. हिंदुस्थानी समाजाचे नेते जगरनाथ लछमन यांचा घाईने येणाऱ्या स्वातंत्र्याला विरोध होता. अखेर संसदेत त्यांनी आणि पंतप्रधान हेन्क अरोन यांनी एकमेकांना मिठी मारली. पण घराघरांत वेगळा निर्णय होत होता. त्या एका वर्षात सुमारे ४०,००० माणसे सुरिनाम सोडून नेदरलँड्सला आली, आणि तेव्हा सगळ्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत होती. पुढची पाच वर्षे वाट खुली होती. २५ नोव्हेंबर १९८० ला तीही मुदत संपली. त्या तारखेच्या आत आलेल्या कुटुंबांमुळेच आज हेगमध्ये फगवा होतो.

पाचही तारखांत कागद आहे: अंगठ्याचा करार, कराची पावती, मंत्र्यांचे तोंडी आश्वासन जे कागदावर आलेच नाही, हद्दीचा परवाना, आणि शेवटी पासपोर्ट. कागदाने आपल्याला बांधले, आणि आता कागदच आपल्याला शोधून देतो. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंत्राक्यांची नोंद आहे. नाव, वडिलांचे नाव, उंची, जात, गाव, ठाणे, जिल्हा, जहाज, मळा, सगळे तिथे सापडते. मॉरिशसच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. भारताच्या राष्ट्रपतींनी २०२३ मध्ये पारामारिबोत सुरिनामच्या भारतवंशीयांसाठी ओसीआय कार्डाची मर्यादा चौथ्या पिढीवरून सहाव्या पिढीपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. म्हणजे पणजोबाच्या वडिलांचे नाव नीट लिहिलेले असणे हा आता नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही.

एक काम मात्र अभिलेखागार करणार नाही. 'अ‍ॅटलस'वरच्या ३६ जणांना काय वाटले, ते कोणी लिहून ठेवले नाही. १९७५ साली स्किपोलला उतरलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि आपल्यातच बसलेली आहेत. त्या नोव्हेंबरच्या थंडीत अंगावर काय होते, पेटीत काय होते, मागे कोण राहिले, हे त्यांना विचारता येते. शताब्दीचा समारंभ आटोपल्यावर प्रत्येक घराने एका आजीला किंवा आजोबांना एवढेच विचारावे, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.