आशा भोसले यांची पॉप कारकीर्द

आशा भोसले (जन्म : ८ सप्टेंबर १९३३, सांगली) या पार्श्वगायिका म्हणून सर्वपरिचित असल्या, तरी पाश्चात्त्य पॉप संगीतातही त्यांनी उल्लेखनीय ध्वनिमुद्रणे केली. त्यांच्या मराठी परिचयलेखांत हा भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो.

सिंथ-पॉप

सिंथेसायझर या विद्युत्-वाद्यावर आधारलेला हा प्रकार १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झाला. त्यातील ठेका यांत्रिक व अचल असल्यामुळे गाण्याचे चैतन्य बव्हंशी गायकाच्या आवाजावर अवलंबून राहते. आशाबाईंना असे गायन अपरिचित नव्हते. राहुल देव बर्मन यांनी संगीत दिलेल्या 'शान' (१९८०) या चित्रपटातील 'प्यार करने वाले' हे गीत त्यांनी याच धर्तीच्या डिस्को ठेक्यावर गायिले आहे.

'ब्लांमांज' या इंग्लिश सिंथ-पॉप जोडीतील स्टीफन लसकम यांनी तबलावादक पंडित दिनेश यांच्यासह 'वेस्ट इंडिया कंपनी' हा प्रकल्प उभारला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'आवे मारिया' या ध्वनिमुद्रणात आशाबाईंचा स्वर आहे. नाट्यसंगीताचा वारसा लाभलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेने असा प्रयोग स्वीकारावा, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. पुढे १९९१ मध्ये बॉय जॉर्ज यांच्या 'बो डाऊन मिस्टर' या गीतातही त्या गायिल्या.

भारतीय पॉप व नंतरचा काळ

लेस्ली लुईस यांच्याबरोबरचा 'जानम समझा करो' (१९९७) हा गीतसंग्रह तरुण श्रोत्यांत विशेष लोकप्रिय झाला. त्याच वर्षी 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश वाद्यवृंदाने 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत प्रसिद्ध केले. नॉर्मन कुक यांनी केलेले त्याचे रूपांतर फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. या गीतात आशाबाईंचे नाव आहे, आवाज मात्र नाही. याच्या नेमके उलट 'ब्लॅक आइड पीज' यांच्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' (२००५) या गीताचे. त्यात 'अपराध' (१९७२) व 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतील त्यांच्या जुन्या गीतांचे तुकडे वापरले आहेत. कल्याणजी-आनंदजींच्या या मूळ चाली व हा आवाज कोणाचा, हे ते गीत ऐकणाऱ्या परदेशी श्रोत्याला गाण्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

२००५ मध्येच 'क्रोनोस क्वार्टेट' या अमेरिकन तंतुवाद्य-चतुष्टयासमवेत त्यांनी राहुल देव बर्मन यांची गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली. 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' या नावाच्या या संग्रहास ग्रॅमी नामांकन लाभले. यातील गीते जुन्या ध्वनिफितींतून उचललेली नसून आशाबाईंनी वयाच्या सत्तरीनंतर ती पुन्हा गायिली आहेत.