सावड, जुनेर आणि गोधडी

नवरात्र बसायच्या आधीच्या आठवड्यात जालना जिल्ह्यातल्या कुंडलिका, दुधना, पूर्णा, गिरजा या नद्यांच्या काठी, जिथे खडक आणि चार हात पाणी सापडेल तिथे, गोधड्या धुणाऱ्या बायका दिसतात. घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचे, ही मराठवाड्यातली जुनी रीत. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरतात, उलट-सुलट पीळ देतात आणि मग ती खडकावर पसरतात. 2012 सालच्या पावसाने दगा दिल्यावर जिल्हा टँकरवर आला. अशा वर्षी हे धुणेही मोडते.

वाळत घातलेल्या गोधडीपाशी एखाद्या म्हातारीला घेऊन उभे राहावे. हे ठिगळ सासूच्या लुगड्याचे, हा काठ थोरल्या जावेच्या पातळाचा, ही पट्टी धाकट्याच्या सदऱ्याची, असे ती बोट फिरवत सांगते. कुटुंबाचा इतिहास असा कापडात वाचता येतो, हे आता पुष्कळांनी लिहिले आहे. गोधडी 'लोककला' म्हणून प्रदर्शनात गेली, तिच्या रंगसंगतीवरही लिहून झाले. त्या सगळ्यात एक प्रश्न मात्र मागे राहिला. यातले अर्धे कापड या घरचे नसते आणि बरेचसे टाके घालणारे हातही या घरचे नसतात. मग हे कापड आणि हे श्रम कोणत्या नात्याने आले? उसने म्हणून, मजुरी म्हणून की दान म्हणून? आज बचत गट आणि महिला मंडळे वृद्धाश्रमांसाठी, अनाथाश्रमांसाठी गोधड्या शिवतात तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यासाठी त्याचा मागचा धागा तपासून पाहायला हवा.

आधी गोधडी शिवतात कशी ते पाहू. हे काम उन्हाळ्यातले. तूर, कापूस, ज्वारी घरात आली, शेते मोकळी झाली की दुपारच्या वेळी अंगणात किंवा देवळाच्या ओट्यावर एक जुने लुगडे ताणून अंथरायचे आणि कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतरांचे, लुंग्यांचे, फाटक्या सदऱ्यांचे थर लावायचे, भोके ठिगळांनी बुजवायची आणि वरून दुसरे लुगडे घालायचे. मग चारी बाजूंना बायका बसतात. टाका साधा, धावदोऱ्याचा. शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकते. प्रत्येकीचा टाका वेगळा. कुणाचा तांदळाएवढा, कुणाचा बोटभर लांब. शिवण जसजशी आत येते तसतशा बायका उठून गोधडीवरच येऊन बसतात आणि शेवटचा चौक एक-दोघी पुरा करतात. काही घरांत त्या शेवटच्या चौकात भाकरीचा तुकडा किंवा चिमूटभर धान्य शिवून टाकतात, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. उत्तर कर्नाटकातल्या कौदीलाही असेच 'पोट' असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर 'फुला' नावाची घडीची ठिगळे लावतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी उघडीनागडी दिसते असे मानतात. गोधडीला जीव आहे असे समजून वागणाऱ्या बायकांचा पट्टा असा बराच मोठा आहे.

या बसण्याला पैसे नसतात. चहा होतो, कधी दुपारची भाकरी होते. शेतीच्या भाषेत याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. इर्जिक थोडी वेगळी. तिच्यात एका दिवसात एकाचे काम उरकायला सगळा गाव येतो आणि यजमान जेवू घालतो. गोधडीचे काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते, पण माझ्या मते सावडीच्या अधिक जवळ, कारण फेड ठरलेली असते. मी तुझ्या दुपट्याला चार दुपारी दिल्या, माझ्या लेकीच्या लग्नातल्या गोधडीला तू येणार. न येणारीचे नाव निघते. सावडीचा हिशेब वहीत नसतो म्हणून तो ढिला असतो असे समजू नये. तो फार कडक असतो.

आता कापडाकडे वळू. गोधडीत कापूस नसतो. हे इतके उघड आहे की त्याचे आश्चर्य वाटायचे राहून जाते. जालना हा कापसाचा मुलूख. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसावे शतक संपता संपता इकडून गेला आणि जालन्याच्या कापूस बाजाराला बळ आले. सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्याच व्यापारी वैभवाची. पण गाठी रेल्वेने बाहेर गेल्या. पिंजाऱ्याला बोलावून धनुकलीवर कापूस पिंजून गादी-दुलई भरून घेणे ही ऐपतवाल्या घरची गोष्ट होती. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर रात्री जे पांघरूण असे त्यात झिजलेल्या कापडाचे थर होते, तिने वेचलेला कापूस नव्हता. म्हणून गोधडीत जुने कापड हेच भांडवल. ते कुठून मिळते यावर गोधडीचे सगळे समाजशास्त्र उभे आहे.

जुने कापड मिळवायचे तीन मार्ग होते. पहिला घरचाच, अंगावर विरेपर्यंत वापरलेल्या लुगड्याचा. दुसरा देवघेवीचा. त्यात बोहारीण आडवी येई, कारण ती त्याच लुगड्यावर पातेले द्यायला तयार असे. तिसरा मार्ग जुनेराचा, म्हणजे मोठ्या घरून मिळालेल्या उतरलेल्या कापडाचा. दानाचा प्रश्न या तिसऱ्या मार्गावर अवघड होतो.

गावगाड्यात जुनेर देणे ही माया नव्हती, ती पायरी होती. पूर्वीच्या महार समाजाच्या वतनी हक्कांत मृताच्या अंगावरचे कापडही मोजले जाई. ज्याला 'हक्क' म्हणायचे तो प्रत्यक्षात अपमान होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात कपड्यांचा विषय मुद्दाम घेतला. कपडा फाटका असला तरी स्वच्छ असावा, आणि अंगावरच्या वेषावरून जात ओळखू येईल असा पेहराव सोडावा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. यात फाटक्या कपड्याला नकार नाही. नकार आहे तो दुसऱ्याने ठरवून दिलेल्या कपड्याला. घरच्या फाटक्याची शिवलेली गोधडी आणि वाड्यावरून आलेल्या जुनेराची गोधडी यांची ऊब सारखीच असेल, पण त्या घालून झोपणाऱ्याचे गावातले स्थान सारखे नव्हते.

सरकारी मदतीच्या इतिहासातही कापड असेच कडेला राहिले. 1897 च्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात लोकवर्गणीचा जो मदतनिधी उभा राहिला त्याची चार उद्दिष्टे होती. दुष्काळी कामांवर मजुरी आणि अन्न देणे ही सरकारची जबाबदारी, तर ब्लँकेट-कपड्यांसारख्या अधिकच्या सोयी वर्गणीतून द्यायच्या, अनाथांना सांभाळायचे, उघड मदत मागायला संकोचणाऱ्या घरांना हात द्यायचा आणि सर्वस्व गेलेल्यांना पुन्हा उभे करायचे, अशी ती विभागणी. म्हणजे थंडीत पांघरूण ही गरज नव्हे, सोय. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे हा निधी काही इथला नव्हे, पण भूक मोजायची आणि थंडी मोजायची नाही ही सवय पुढेही टिकली. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला गेल्या, लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. कामाच्या जागी झोळीला आणि रात्रीच्या अंथरुणाला लागणारे कापड मात्र ज्याने त्याने घरूनच आणायचे होते.

याच प्रदेशात जुनेर मागण्याची एक वेगळीही रीत होती आणि ती अपमानाची नव्हती. मुले जगत नसतील अशा घरात बाळ जन्मले की चार घरची जुनी कापडे मागून आणून त्याचे अंगडे आणि दुपटे शिवत. बाळाचे नावही धोंडू, चिंधू असे मुद्दाम कमी प्रतीचे, म्हणजे दृष्ट लागू नये. मागणारी आई त्या वेळी सगळ्यांपुढे पदर पसरते, पण तिला कुणी हलके लेखत नाही. तेच कापड, तेच मागणे, अर्थ उलटा. पण चिंधी हा शब्द दुसऱ्या बाजूनेही कापतो. सिंधुताई सपकाळ नको असलेली मुलगी म्हणून जन्मल्या, तेव्हा घरच्यांनी त्यांना चिंधी हेच नाव दिले होते. पुढे त्यांनी अनाथ लेकरे सांभाळली हे सर्वज्ञात आहे.

चिंध्यांची किंमत सगळ्यांत नेमकी ओळखली ती गाडगेबाबांनी. अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन महाराष्ट्रभर हिंडला, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवाही म्हणत. त्यांच्या वेषाचे कौतुक पुष्कळ झाले. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा व्यवहार. गावात शिरले की आधी झाडू हातात, गाव स्वच्छ करायचे, आणि मग भाकरी घ्यायची. पाया पडू द्यायचे नाही. घेणारा आधी श्रम देऊन मोकळा होतो, त्यामुळे देणाऱ्याला वर चढायला जागाच उरत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि त्यांच्या दशसूत्रीत अन्न-पाण्याच्या पाठोपाठ उघड्यानागड्यांसाठी वस्त्र येते. 1897 च्या निधीने ज्याला सोय म्हटले त्याला बाबांनी गरजांच्या यादीत वरच्या ओळीत बसवले. दानाला सावडीचे रूप द्यायचा याहून सरळ प्रयत्न मला दुसरा माहीत नाही.

सत्तरच्या दशकानंतर नायलॉन आणि टेरिलिन गावोगाव आले आणि गोधडीचे कापडच बदलले. नव्या साड्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवर घसरतात आणि सुई अडकते. बाजारात स्वस्त ब्लँकेट आले. तरी गोधडी गेली नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या ट्रॅक्टरवर भांड्यांच्या पोत्याशेजारी गोधड्यांची वळकटी असतेच. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जमिनीची ओल लागू न देणारे आणि चोरीला जायची भीती नसलेले दुसरे अंथरूण कोणते?

दरम्यान बायकांचे एकत्र बसणे कागदावर आले. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले, नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पुढे उमेद अभियान आले. ओट्यावरच्या बायकांना अध्यक्ष-सचिव, ठराव, पासबुक मिळाले आणि गोधडी हे 'उत्पादन' झाले. यात वाईट काही नाही. फुकटचे श्रम हे बाईचे भूषण, असे म्हणणाऱ्यांनी एकदा चार दुपारी वाकून टाके घालावेत. पण विक्रीची गोधडी एकसारखी लागते. नवे कापड, मोजलेला टाका, ठरलेली रंगसंगती. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात 1966 साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मतदानाच्या हक्कासाठी उभे राहिल्यामुळे त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांचे काम आणि घर गेले होते. गोधड्या विकल्या गेल्या, रोजगार मिळाला. नंतर एका मोठ्या दुकान-साखळीसाठी त्यांनी एकाच मापाचे उशांचे अभ्रे शिवले. पैसा स्थिर झाला, पण हातची नक्षी त्या कामात उरली नाही. आपल्याकडच्या गटांपुढे हाच पेच आहे आणि त्याचे उत्तर बाहेरून देण्याचा अधिकार मला वाटत नाही मला आहे.

दानासाठीच्या गोधड्यांबद्दल मात्र बोलता येईल. दिवाळी आली की सोसायट्यांमधून जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. त्यातले निम्मे वापरता येत नाही, हे वाटप करणारे खासगीत सांगतात. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. गावाने आधी विहीर खोदायची, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. उरलेल्या चिंध्यांच्या सुजनी, म्हणजे गोधड्याच, शिवून घेतात. संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाडगेबाबांच्या झाडूशी याचे नाते लगेच कळते.

आणखी एक उदाहरण युद्धातले. 1942 मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी कोंडलेल्या स्त्रियांनी तीन गोधड्या शिवल्या. जखमी सैनिकांसाठी म्हणून परवानगी मिळवली. एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक जपान्यांसाठी. प्रत्येक चौकोनावर शिवणारीचे नाव किंवा खूण भरतकामात होती. दुसऱ्या बाजूला कैदेत असलेल्या नवऱ्यांना त्यावरून कळले की आपली माणसे जिवंत आहेत. दान ही सबब होती आणि खबर हा हेतू. की दोन्ही खरे होते?

आपल्या गोधडीवर नाव नसते. शिवणारीला लिहिता येत नव्हते हे एक कारण, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत आहे ते लिहायचे कशाला हे दुसरे. माहीत असणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. जालन्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवरात्राआधीच्या त्या आठवड्यात नदीवर पाठवावे. प्रत्येक गोधडीमागे चारच गोष्टी टिपून घ्याव्यात. कापड कुणाचे, आले कसे, टाके कुणाकुणाचे, आणि फेड कशी झाली. धुणे दुपारपर्यंत उरकते, म्हणून सकाळीच पोचायला हवे.