हरवलेली मुलं आणि अंतराळयान: अशी सिरीज बनते कशी, आणि ती चंद्रपूर-गडचिरोलीत बनू शकते का?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या अनेक लोकांना आकाशात एकामागोमाग सरकणारे जळते गोळे दिसले. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पडलं. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. व्यास जवळपास तीन मीटर. त्याच तालुक्यात पवनपारजवळ धातूचा एक गोळाही मिळाला. नंतर इस्रोचं पथक पाहणीला आलं. अवकाश-अभ्यासकांच्या मते हे तुकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे होते.

आता कल्पना करा. ते कडं आधी मोठ्या माणसांना नाही, चार शाळकरी मुलांना सापडलं असतं तर?

नेमक्या अशाच प्रश्नातून मुलांची अंतराळ-सिरीज सुरू होते. ती कशी बनवतात, त्यामागे कोणतं तंत्र असतं, बालकलाकारांसाठी कायदा काय सांगतो आणि तुमच्या मोबाइलवर पहिला सीन कसा शूट करता येईल, हे सगळं या लेखात पाहूया.

‘स्केलेटन क्रू’ म्हणजे काय?

या प्रकारातलं अलीकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘स्टार वॉर्स: स्केलेटन क्रू’. डिस्ने प्लसवर ही सिरीज २ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये संपली. एकूण ८ एपिसोड. निर्माते जॉन वॉट्स आणि ख्रिस्तोफर फोर्ड. यातले वॉट्स म्हणजे टॉम हॉलंडच्या तीन ‘स्पायडर-मॅन’ सिनेमांचे दिग्दर्शक.

कथा साधी आहे. ॲट ॲटिन नावाच्या शांत ग्रहावर विम, फर्न, केबी आणि नील ही चार मुलं राहतात. त्यांना झाडीत गाडलं गेलेलं एक जुनं यान सापडतं. चुकून ते सुरू होतं आणि मुलं थेट अवकाशात. परत यायचं, पण घराचा पत्ता कुणालाच माहीत नाही, कारण त्यांचा ग्रह बाकी जगापासून लपवलेला आहे. वाटेत जूड लॉने साकारलेला एक माणूस भेटतो. तो मदत करतोय की फसवतोय, हे मुलांना शेवटपर्यंत नीट कळत नाही.

अशा गोष्टीला ‘मोठं होण्याची गोष्ट’ म्हणतात. यात खरा प्रवास एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर होत नाही. ‘मोठी माणसं सगळं सांभाळतील’ इथून ‘आता आपल्यालाच ठरवायचंय’ इथपर्यंत होतो. म्हणून घर आधी नीट दाखवावं लागतं. विमची शाळा, बस, घाईत असलेले बाबा हे सगळं आपण पाहिलेलं असतं, म्हणूनच तो हरवल्यावर आपल्याला काळजी वाटते. घर धूसर असेल तर हरवण्यालाही अर्थ राहत नाही.

मुलांच्या डोळ्यांसमोर खरं काय ठेवायचं?

अंतराळ-सिरीज म्हणजे सगळं हिरव्या पडद्यासमोर शूट करून नंतर कॉम्प्युटरवर भरायचं, असं अनेकांना वाटतं. पण मुलांच्या बाबतीत याची मोठी अडचण आहे. अनुभवी नट रिकाम्या भिंतीकडे बघूनही घाबरल्याचं दाखवू शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला समोर खरंच काहीतरी असेल तर फार सोपं जातं. म्हणून ‘स्केलेटन क्रू’मध्ये बऱ्याच जुन्या युक्त्या वापरल्या गेल्या.

१. मुखवटा: नील हा निळ्या रंगाचा, सोंड असलेला मुलगा. त्यासाठी आतून मोटरने हलणारा मुखवटा बनवला आणि काही ठिकाणी कॉम्प्युटरची मदत घेतली. त्यामुळे बाकीच्या मुलांना बोलायला समोर खरा मित्र होता.

२. छोटं मॉडेल: यानाच्या काही दृश्यांसाठी प्रत्यक्ष मॉडेल बनवून त्याचं शूटिंग केलं. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्येही हीच पद्धत होती.

३. एलईडी भिंत: २०१९ च्या ‘द मँडलोरियन’मुळे ही गाजली. सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची गोलाकार एलईडी भिंत उभारतात आणि तिच्यावर ‘अनरियल इंजिन’ या गेमच्या सॉफ्टवेअरमधून वाळवंट, शहर किंवा अवकाश दाखवतात. कॅमेरा सरकला की मागचं चित्रही त्याच हिशेबाने सरकतं. शिवाय भिंतीचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर पडतो, त्यामुळे दृश्य खरं वाटतं. ‘स्केलेटन क्रू’मध्येही हे तंत्र होतं.

तिन्हींमागचा विचार एकच: मुलाने ज्याच्याकडे बघायचं, ते शक्यतो तिथे असलं पाहिजे. तुमच्याकडे ७५ फुटांची भिंत नसेल, पण ही गोष्ट तुम्हीही पाळू शकता.

बालकलाकार: कायदा काय सांगतो?

भारतात १४ वर्षांखालच्या मुलांना व्यावसायिक चित्रीकरणात घ्यायचं असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे सुधारित नियम लागू होतात. त्यातले मुख्य मुद्दे:

• दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.
• जिथे शूटिंग आहे त्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची, आधी परवानगी घ्यावी लागते.
• मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात.
• सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडता कामा नये.
• जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी.

म्हणजे चार मुलं हिरो असलेल्या सिरीजचं अख्खं वेळापत्रक या ५ तासांभोवती फिरतं. आधी मुलांचे चेहरे दिसतात ते शॉट उरकतात. पाठमोरे आणि लांबचे शॉट नंतर मोठ्या वयाच्या पण छोट्या चणीच्या कलाकारांना घेऊन करता येतात.

आपल्याकडे असं आधी झालंय का?

हो. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ ही मुलांची विज्ञान-मालिका आली होती. कॉम्प्युटर, परग्रहवासी आणि काळातला प्रवास असं सगळं तिच्यात होतं, आणि छोट्या करण जोहरने तिच्यात काम केलं होतं. १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली, हिरो मिलिंद सोमण.

मराठीत पडद्यापेक्षा कागदावर जास्त काम झालंय. भा. रा. भागवतांनी ज्यूल्स व्हर्न मराठीत आणला आणि ‘फास्टर फेणे’ही त्यांचाच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा चक्क ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना लेखक कोण हे माहीत नव्हतं. कथेत दम असेल तर मोठं नाव लागत नाही, हे यातून घ्यायचं.

चंद्रपूर-गडचिरोलीच का?

कारण गोष्टीला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे तयार आहेत.

सुरुवात: लाडबोरीचं कडं. एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचायचा हंगाम. घरातली मोठी माणसं पहाटेच रानात गेलेली. मुलांना धानाच्या बांधीत काहीतरी गरम, काळपट सापडतं. इथे कायद्यानेच कथेला वळण दिलंय: १९६७ च्या अवकाश करारानुसार आकाशातून पडलेली वस्तू ज्याच्या शेतात पडली त्याची होत नाही, ती सोडणाऱ्या देशाचीच राहते. मग मुलं ती लपवतील की सांगतील?

हरवणं: भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. ॲट ॲटिनला लपवायला लेखकांना काल्पनिक आवरण लागलं. इथे एक पूर पुरतो.

परग्रह: गडचिरोलीत आलापल्लीजवळ सागाची शेकडो वर्षं जुनी झाडं आहेत, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा हा भाग जैवविविधता वारसा स्थळ आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम इथे डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडलेत. गावोगावचे मामा तलाव आहेतच, धुक्यातल्या सकाळी ते दुसऱ्या ग्रहासारखेच दिसतात.

कलाकार: झाडीपट्टी रंगभूमी! धानाची कापणी आटोपली की दिवाळीनंतर इथे रात्ररात्र नाटकं रंगतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळांचं मोठं केंद्र. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पडदे रंगवणारे, मेकअप करणारे, लाइट लावणारे लोक इथेच आहेत. त्यांना मुंबईहून आणावं लागत नाही.

पण एक गोष्ट जपायला हवी. ‘स्टार वॉर्स’मधली हटीज ही परग्रहाची भाषा दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेच्या ध्वनींवरून घडवली गेली. ऐकायला मजा येते, पण जी भाषा लोक घरी बोलतात तिला पडद्यावर ‘विचित्र प्राण्यांची बोली’ बनवलं तर त्या घरातल्या मुलाला काय वाटेल? आपल्याकडे माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल परग्रहवासी म्हणून दाखवू नका. त्याला यानाचा कॅप्टन करा. जंगलात वाट कशी शोधायची हे चौघांपैकी त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असणार.

मोबाइलवर पहिला सीन: यानाची खिडकी

यासाठी एक टीव्ही, दोन फोन आणि तीन-चार मित्र पुरे.

१. पुठ्ठ्याची गोल खिडकी कापा, राखाडी रंग द्या आणि टीव्हीसमोर २-३ फुटांवर उभी करा. टीव्हीवर ताऱ्यांचा व्हिडिओ लावा. ही तुमची छोटी एलईडी भिंत.
२. खोलीत अंधार करा. बाहेरचा उजेड टीव्हीवर पडला तर काळं आकाश राखाडी दिसतं.
३. मुलाचा चेहरा फोकसमध्ये घ्या, स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस-उजेड लॉक करा. टीव्ही किंचित धूसर राहिला की त्यावरच्या ठिपक्यांची जाळी दिसत नाही.
४. पट्ट्या सरकताना दिसल्या तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातल्या दिव्यांसाठी हे आकडे जुळतात. टीव्हीचा आकडा वेगळा असेल तर १/६० करून बघा.
५. यान हादरतंय असं दाखवायला दोघांनी बाक हलवा. नटाने स्वतः हलायचं नाही, तोल सावरायचा. फरक लगेच दिसतो.
६. यान कोसळण्याचा शॉट छोट्या मॉडेलवर घ्या, पण स्लो मोशनमध्ये. छोटी वस्तू पटकन पडते, म्हणून ती खेळणं वाटते. हिशेब असा: मॉडेल खऱ्यापेक्षा १६ पट लहान असेल तर १६ चं वर्गमूळ ४, म्हणून वेग ४ पट कमी करा. साध्या फोनचा १२० फ्रेमचा स्लो मोशन मोड यासाठी पुरतो.
७. आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, तो नटाच्या खिशात ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही फाइल जुळवायला सोपं जातं.

इफेक्टचे आवाजही घरीच मिळतात. ‘स्टार वॉर्स’चे ध्वनिकार बेन बर्ट यांनी बंदुकीचा प्रसिद्ध आवाज टॉवरच्या ताणलेल्या तारेवर ठोकून मिळवला होता आणि शत्रूच्या यानाच्या गर्जनेत हत्तीचा चीत्कार मिसळला होता. कूलरची मोटर, स्टीलचा डबा, विहिरीतला प्रतिध्वनी ऐकून बघा. आणि गडचिरोलीकरांनो, कमलापूरचा हत्ती कॅम्प तुमच्याच जिल्ह्यात आहे!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जंगलात शूट करू शकतो का?
वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही. सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघांचा वावर आहे. पहाटे आणि संध्याकाळी रानाच्या कडेलाही मुलांना घेऊन थांबू नका. ‘जंगल’ गावातल्या आमराईतही उभं राहतं, कॅमेरा खाली ठेवून वर बघा. ड्रोनसाठी आधी पोलिसांना विचारा.

‘स्टार वॉर्स’ची नावं आणि यानं वापरता येतील का?
नको. ती दुसऱ्याच्या मालकीची आहेत, व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. स्वतःचं यान, स्वतःची नावं ठेवा.

एडिटिंग कशावर करायचं?
साधी जोडणी मोबाइलवर होते. कॉम्प्युटर मिळाला तर ‘ब्लेंडर’ पूर्ण मोफत आहे आणि ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती भरपूर काम देते.

खरंच आकाशातून काही पडलेलं सापडलं तर?
हात लावू नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. रॉकेटच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचे अंश असू शकतात. लांबूनच फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि ११२ वर फोन करा.

सुरुवात कुठून करू?
आधी एका पानावर फक्त घर लिहा: तुमच्या हिरोच्या घरात सकाळी कोण पहिलं उठतं, कोण रागावतं, कशाचा वास येतो. ते पान जमलं की मगच यान उडवा. हिरोला परत जावंसं वाटेल असं ठिकाण तयार झालं, तर सिरीजची अर्धी लढाई तिथेच जिंकली.