फरी आणि तिचे कारागीर

आमची हिंगोली 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेची छावणी होती. त्यामुळे ढाल-तरवारीचा विषय निघाला की आमचे लक्ष शिपायाकडे जाते. त्याचा हात ज्या सरावाच्या ढालीवर बसला, ती घडविणाऱ्याकडे जात नाही.

मध्ययुगीन युरोपात ढाली बहुधा लाकडी फळ्यांच्या असत. आपल्याकडे लढाईची ढाल गेंड्याच्या वा म्हशीच्या कातड्याची, आणि आखाड्यातील फरीही त्याच वळणाची. लाकूड गेले ते गदक्यात. सुताराने काठी तासावी, चर्मकाराने तीवर कातडे चढवावे. फरी मात्र सर्वस्वी चर्मकाराच्या हातची. आत भरण घालून कातडे शिवावयाचे, मागे मुठीची सोय करावयाची. मोठ्या ढालीत मुठीमागे लहानशी गादी असे. ती नसेल तर वाराचा दणका थेट बोटांच्या सांध्यांवर बसे.

फरी लहान असते, ते काटकसरीसाठी नव्हे. मोठ्या ढालीआड अंग लपते. लहान फरीने वार शोधूनच अडवावा लागतो, आणि त्यात मनगट व नजर तयार होतात.

बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून असल्या विद्या ग्रंथबद्ध केल्या. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत फरीगदका आजही चालतो. तेथे प्रथम उस्तादाचे नाव घेतात. फरी शिवणाऱ्याचेही घ्यावे.