दिपोटी येणार त्या दिवशी

मागच्या वर्षी संकलित चाचणीच्या आदल्या दिवशी एका मुलाच्या आईला मी शाळेच्या फाटकापाशी गाठलं आणि म्हटलं, "कल इसको नक्को भेजो." तिने कारण विचारलं नाही. "अच्छा बाजी," एवढंच म्हणाली आणि गेली.

मुलगा चौथीत. अक्षरं ओळखतो, पण उर्दूत ती जोडून लिहिली की त्याची गाडी अडते. हिशेब मात्र पक्का. बापाच्या अंड्यांच्या गाडीवर सुटे पैसे तोच परत देतो. मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. केंद्राच्या बैठकीत शाळांचे आकडे वाचून दाखवतात, त्यात गेल्या खेपेला आमची शाळा खालून दुसरी होती, आणि गैरहजर मुलाचा शून्य सरासरीत धरत नाहीत हे मला ठाऊक होतं. हजेरीपटावर त्या दिवशीची 'गैरहजर' ही नोंद माझ्याच हातची आहे.

बी.एड.ला शिक्षणाचा इतिहास आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. १८५४ वुडचा खलिता, १८८२ हंटर आयोग, पुढचा प्रश्न. या प्रकारानंतर तो पुन्हा काढून वाचला, या वेळी सावकाश.

आपल्याकडे इंग्रजी शाळेतलं मूल 'थर्ड स्टँडर्ड'मध्ये आहे असं म्हणतात. वर्गाला स्टँडर्ड का म्हणायचं? स्टँडर्ड म्हणजे ठरवून दिलेलं माप. हे माप १८६२ साली इंग्लंडमध्ये ठरलं. त्याआधी न्यूकॅसल आयोगाने पाहणी करून सांगितलं होतं की सरकारी मदत घेणाऱ्या शाळांत जेमतेम चौथा हिस्सा मुलं नीट शिकतात, मास्तर वरच्या हुशार पोरांकडे बघतात आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडतात. शिक्षण खातं रॉबर्ट लो यांच्या हाती होतं. त्यांनी नवी नियमावली आणली. सहा स्टँडर्ड. पहिल्यात एका अवयवाच्या सोप्या शब्दांचं वाचन, अक्षरं लिहिणं आणि साधी बेरीज-वजाबाकी. सहाव्यात वर्तमानपत्रातला उतारा वाचणं, तशाच दुसऱ्या उताऱ्याचं श्रुतलेखन आणि बिलाचा हिशेब. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येणार आणि एकेक मूल तपासणार. मुलामागे शाळेला परीक्षेचे आठ शिलिंग. वाचनात नापास झालं तर दोन शिलिंग आठ पेन्स कापले. लेखनात तेवढेच, गणितात तेवढेच. हजेरीचे चार शिलिंग वेगळे.

लो यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. मुलागणिक पैसे लावल्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलाला पहिल्यांदा किंमत आली. मास्तरला त्याच्याकडे बघावंच लागलं. पण खजिन्याचाही फायदा झाला. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेलं अनुदान १८६५ पर्यंत ६ लाख ३७ हजारांच्या आसपास उतरलं. मुलांचं शिकणं किती वाढलं हे मात्र त्याच खात्यातला एक इन्स्पेक्टर सांगत राहिला. मॅथ्यू अर्नोल्ड, इंग्रजीतला मोठा कवी, पस्तीस वर्षं शाळा तपासत हिंडला. वाचता येत नसतानाही मूल वाचनाच्या परीक्षेत पास करून दाखवता येतं, असं त्याने आपल्या सरकारी अहवालातच लिहून ठेवलं. युक्ती सोपी होती. वर्षभर एकच पुस्तक घोकायचं. इन्स्पेक्टर पान उघडतो आणि पोर पाठ म्हणतं. आमच्या दुसरीतही अशी पोरं आहेत. बोट एका ओळीवर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर!

त्या काळातली एक गोष्ट वाचून मी थांबले. परीक्षेच्या दिवशी तिथे आजारी मुलांना गुंडाळून शाळेत आणत. मूल आलं नाही तर त्याचे शिलिंग गेले. माझं अगदी उलट झालं होतं. तिथे तापाने फणफणलेलं मूल आत आणलं, इथे धडधाकट मूल मी बाहेर ठेवलं. तिथे प्रत्येक डोक्याची बेरीज होती, इथे सरासरी आहे, फरक तेवढाच. हिशेब जसा मांडला तसं मूल आत किंवा बाहेर होतं. त्या मास्तरांनाही वाईट माणसं म्हणावीत असं मला वाटत नाही. त्यांची भाकरी त्या शिलिंगांवर होती. माझी तर तेवढीही नव्हती, यादीतली जागाच तेवढी होती.

हीच पद्धत जहाजातून मुंबई इलाख्यात आली. १८६० च्या दशकातच इथल्या खाजगी शाळांचं अनुदान निकालाशी बांधलं गेलं. गावोगाव 'दिपोटी' येऊ लागले. डेप्युटी इन्स्पेक्टरचं हे आपल्या जुन्या माणसांनी केलेलं नाव. ते येणार म्हणजे अंगण सारवायचं आणि पोरांना धुऊन-पुसून उभं करायचं.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी त्यातला तपासणीचा भाग शोधत होते. दिपोटी वर्षातून एकदा येतो त्याचा काही उपयोग नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि शिवाय न कळवताही जावं. मास्तरला किमान बारा रुपये पगार मागतात, आणि ज्याची जास्त मुलं पास होतात त्याला पगाराखेरीज काही भत्ताही द्यावा म्हणतात. म्हणजे निकालाला बक्षीस त्यांनाही मान्य होतं. पण आधी पोटापुरता पगार, मग बक्षीस. लो यांनी बक्षिसालाच पगार केलं होतं. फुल्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, लो यांनी खातं चालवलं. मला हा फरक या एका मुद्द्यात दिसतो.

त्याच निवेदनात आमच्याविषयीही दोन वाक्यं आहेत. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, मराठी-इंग्रजीची त्यांना आवड दिसत नाही, आणि त्यांच्या भाषेच्या शाळा थोड्याच आहेत. आरोप म्हणून नाही, जे दिसलं ते सांगितलं. आयोगाने पुढे मुसलमानांच्या शिक्षणावर वेगळ्या शिफारशी केल्या, त्यांच्या प्राथमिक शाळांत हिंदुस्तानी माध्यम असावं ही त्यातलीच. आज मी उर्दू वर्गात मराठी शिकवते ती याच वाटेच्या पुढच्या टोकाला.

निकालाच्या पद्धतीबद्दल मात्र आयोगाने फुल्यांचं अर्धंच ऐकलं. कॉलेजांना ती लावू नका म्हणाले, पण प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच ठेवा, मागास भागांपुरता अपवाद करा. कॉलेजातल्या तरुणाला जे घातक, ते सात वर्षांच्या पोराला कसं चालतं, हे मला त्या शिफारशींत कुठे सापडलं नाही. खुद्द इंग्लंडने १८९० पासून ही पद्धत मोडीत काढायला घेतली आणि शतक संपण्याआधी ती संपवली. आपल्याकडे त्यासाठी कर्झनच्या १९०४ च्या ठरावापर्यंत थांबावं लागलं.

चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. पेपरमध्ये काय होतं, विचारत होता. कपाटात दोन प्रती उरल्या होत्या, त्यातली एक मी त्याला दिली. जोडाक्षरांवर बोट ठेवत तो पहिल्या प्रश्नाच्या निम्म्यावर पोचला आणि मधली सुट्टी झाली. प्रत घडी करून त्याने दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी आपणहून ती काढून माझ्या टेबलापाशी उभा राहिला. आता रोज पंधरा मिनिटं बसतो आम्ही. पुढची चाचणी तोंडावर आली आहे आणि वाचन अजून अडखळतंच. त्याच्या आईला मी निरोप धाडला आहे, त्या दिवशी वेळेवर पाठव म्हणून.