मोहोरबंद लखोटा आणि परीक्षकाचा शेरा

वास्तुविद्येच्या अभ्यासकांची जी विद्वत्प्रधान नियतकालिके आज जगभर चालतात, त्यांच्याकडे लेख धाडणाऱ्यास बहुधा पहिली आज्ञा होते ती स्वतःचे नाव पुसून टाकण्याची. नुसते शिरोभागीचे नाव पुसून भागत नाही. आभाराचा परिच्छेद काढावा लागतो, आपल्याच जुन्या लेखाचा दाखला तो परक्याचा असल्यासारखा द्यावा लागतो, छायाचित्राखाली ते लेखकाने स्वतः टिपल्याची नोंद असेल तर तीही गाळावी लागते, आणि नकाशाच्या कोपऱ्यातील ज्या चौकटीत कार्यालयाचे नाव व आराखडा काढणाऱ्याची आद्याक्षरे असतात ती चौकट कोरी करावी लागते. एवढा बंदोबस्त झाल्यावर संपादक मजकूर चाळतो; तो नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचा असेल तर तेथूनच साभार परत करतो, अन्यथा दोघा परीक्षकांकडे रवाना करतो. लेखक कोण हे परीक्षकास ठाऊक नाही आणि परीक्षक कोण हे लेखकास ठाऊक नाही, अशा दुहेरी पडद्याआडून काही महिन्यांनी शेरा येतो: मंजूर, किरकोळ दुरुस्तीने मंजूर, मोठ्या दुरुस्तीनंतर फेरविचार, अथवा नामंजूर. ही वहिवाट विज्ञानाच्या दप्तरातून वास्तुविद्येकडे आली असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. कारण नाव झाकून निवाडा करण्याचा परिपाठ वास्तुकारांनी आपल्या नियतकालिकांच्या कितीतरी आधी, स्पर्धांच्या दालनात, गिरवून घेतला होता.

१८३४ हे वर्ष या कथेत मोठ्या योगायोगाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये वास्तुकारांची ती संस्था स्थापन झाली, जिला पुढे तीन वर्षांनी राजाची सनद मिळाली. १६ ऑक्टोबरच्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे पार्लमेंटची सभागृहे, आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. आणि तंजावरास जन्मलेल्या व बंगळूरास न्यायाधीशाचे काम केलेल्या रामराज नावाच्या गृहस्थाचा हिंदूंच्या वास्तुशास्त्रावरील निबंध, त्याच्या मृत्यूनंतर, ४८ चित्रफलकांसह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला.

पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी १८३५ साली खुली स्पर्धा जाहीर झाली. शैली गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन असावी अशी अट होती आणि स्पर्धकाने आपले नाव न घालता केवळ एखादे चिन्ह वा बोधवाक्य आराखड्यांवर घालावे, नाव मोहोरबंद लखोट्यात ठेवावे, असा शिरस्ता होता. एकंदर ९७ जणांचे आराखडे आले. त्यांतील ६४ क्रमांकाच्या आराखड्यांवर किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडावयाच्या जाळीदार फाटकाचे चिन्ह होते. ते पहिले ठरले, आणि लखोटा फुटल्यावर चार्ल्स बॅरी हे नाव बाहेर आले. ते फाटक आजही ब्रिटिश पार्लमेंटचे चिन्ह म्हणून मिरवते आहे.

परंतु खरी गंमत लखोट्याच्या आत नव्हती, आराखड्यांच्या रेषांत होती. बॅरीच्या आराखड्यांना हात लावणारा ऑगस्टस प्यूजिन हा तरुण त्याच स्पर्धेसाठी गिलेस्पी ग्रॅहम या दुसऱ्या स्पर्धकाचेही आराखडे रेखून देत होता. म्हणजे दोन वेगळ्या चिन्हांखाली, दोन वेगळ्या लखोट्यांसह, एकाच माणसाची लेखणी परीक्षकांपुढे आली! ज्याची नजर थोडीफार तयार झाली आहे त्याला कमानीच्या टोकावरील पानाची वळणे पाहून हात ओळखता येतो. हस्ताक्षर बदलता येईल, पण गॉथिक खिडकी काढण्याची लकब बदलणे मोठे कठीण. परीक्षक मंडळींनी पक्षपात केला असे मला म्हणावयाचे नाही. त्यांनी निवडलेला आराखडाच उत्तम होता याविषयी पुढील पिढ्यांत फारसा मतभेद राहिला नाही. पण हरलेल्यांनी तक्रारींचा धुरळा उडविला तो उडविलाच, आणि त्यांचा एक आक्षेप मात्र निखालस वाजवी होता: निवाडा देणाऱ्यांत व्यवसायाने वास्तुकार असा कोणीही नव्हता, ते सगळे कलेची आवड असलेले सरदार-गृहस्थ होते. कामाचे मोल त्याच कामातल्या माणसाने ठरवावे, ही मागणी मग अनेक दशके धुमसत राहिली. १८८० च्या सुमारास इंग्लंडातील हजाराहून अधिक वास्तुकारांनी, जेथे व्यवसायातील जाणकार परीक्षक नेमलेला नसेल त्या स्पर्धेत आपण उतरणार नाही, असे सह्यांनिशी जाहीर केले.

विज्ञानाच्या दप्तरात पार्लमेंटच्या स्पर्धेच्याच सुमारास निराळीच घडामोड चालली होती. हेन्री ओल्डेनबर्गने १६६५ मध्ये लंडनहून सुरू केलेले 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' दीर्घकाळ संपादकाच्या मर्जीवर चालले. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने ते आपल्या हाती घेऊन समिती नेमली खरी, पण समिती लेख छापावा की छापू नये यावर गुप्त मतदान करी आणि कारण कोणालाच सांगत नसे. १८३१ मध्ये विल्यम ह्यूएल याने सुचविले की, प्रत्येक लेखावर दोघा सभासदांनी लेखी अभिप्राय द्यावा आणि तो छापावा. पहिला प्रयोग खगोलशास्त्रज्ञ एअरी याच्या लेखावर झाला आणि तेथेच माशी शिंकली. ह्यूएलला लेखाचे समग्र महत्त्व सांगावयाचे होते, तर त्याचा सहपरीक्षक लबक याला गणितातील उणिवा दाखवावयाच्या होत्या, आणि दोघांचे एकमत होता होईना. अखेर १८३२ मध्ये अभिप्राय कसाबसा प्रसिद्ध झाला. पुढे थोड्याच वर्षांत अभिप्राय लिहिण्याची चाल टिकली आणि ते छापण्याची चाल मात्र मागे पडली. लिहिणाऱ्याचे नावही झाकले गेले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील मौल्यवान शोध कोणता असेल तर तो हा लेखी अभिप्राय होय; नाव झाकणे ही त्याच्या पुढची, आणि बरीच दुय्यम, सोय आहे. नाव न झाकताही निवाडा कसा चाले, या दृष्टीने आपल्याकडच्या जुन्या गोतसभांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, वाचण्याजोगे आहेत. तेथे निवाडा बरोबरीच्या मंडळींचाच असे, पण पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या आकृत्या कागदावर उघड उमटत, आणि कोण कोणत्या निर्णयास हजर होते हे वाचणाऱ्यास कळे.

आता रामराजाकडे वळू. त्याने 'मानसार' या संस्कृत वास्तुग्रंथाच्या त्रुटित पोथ्या मिळवून त्यांचा अर्थ लावला, आणि जेथे पारिभाषिक शब्द अडले तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिल्पींना विचारले. लंडनच्या सोसायटीत संस्कृत जाणणारे पंडित होते, इमारतींची मोजमापे जाणणारे सैनिकी इंजिनियरही होते. पण मंदिराच्या अधिष्ठानाचे, म्हणजे जोत्याचे, थर कोणत्या क्रमाने व कोणत्या प्रमाणात रचतात हे हाताने जाणणारा त्यांच्यात एकही नव्हता. निबंधाची खरी तपासणी, जी काय झाली ती, दक्षिणेतल्या शिल्पींच्या ओसरीवर झाली, आणि तिचा एकही कागद लंडनच्या दप्तरी जमा होण्यासारखा नव्हता. बरोबरीच्या माणसाकडून परीक्षा, असे म्हणताना बरोबरीचा कोण हा प्रश्न वास्तुविद्येत तेव्हापासून अडून बसलेला आहे.

विसाव्या शतकात वास्तुविद्येने विद्यापीठात बस्तान बसविले आणि तिची नियतकालिके निघू लागली. अमेरिकेत वास्तुइतिहासकारांचे त्रैमासिक १९४१ मध्ये टर्पिन बॅनिस्टर याच्या संपादकत्वाखाली सुरू झाले, १९४७ मध्ये वास्तुशिक्षणाला वाहिलेले 'जर्नल ऑफ आर्किटेक्चरल एज्युकेशन' निघाले. मुंबईत, जेथे जे. जे. च्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या मंडळातून पुढे १९२९ ची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स उभी राहिली, तेथे संस्थेचे स्वतःचे नियतकालिक १९३४ पासून आहे, आणि १९४६ मध्ये मुल्कराज आनंदांचे 'मार्ग' निघाले. या पिढीतील नियतकालिकांचा प्राण संपादकाची नजर हाच होता. न्यूयॉर्कचे 'ऑपोझिशन्स' १९७३ ते १९८४ पर्यंत आयझेनमन, फ्रॅम्प्टन प्रभृती संपादकांच्या रुचीवर चालले, आणि त्याचे अंक आजही अभ्यासक शोधत फिरतात. परीक्षकांची रीतसर यंत्रणा नसतानाही उत्तम नियतकालिक निघू शकते, हे कबूल केलेच पाहिजे.

मग विद्यापीठांनी बढतीसाठी परीक्षित लेखांचा हिशेब मागावयास आरंभ केला, आणि केंब्रिजचे 'ए. आर. क्यू.' (१९९५) व लंडनचे 'जर्नल ऑफ आर्किटेक्चर' (१९९६) यांसारखी संशोधननिष्ठ नियतकालिके अवतरली. अडचण अशी की, वास्तुकाराचे संशोधन पुष्कळदा शब्दांत नसतेच. अमेरिकन शिक्षणनियतकालिकाने यावर दोन दालने करण्याचा तोडगा काढला; एक वास्तुरचनेविषयीच्या अभ्यासलेखांचे आणि दुसरे रचना हाच अभ्यास मानणाऱ्या कामांचे. हे योग्य झाले. मात्र दुसऱ्या दालनात प्यूजिनची अडचण पुन्हा उभी राहते. बांधून झालेले घर अन्यत्र छापून आलेले असते, आणि छेदचित्र पाहताच परीक्षकास कर्ता कळतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीला गुणांकांची जोड दिली, आणि पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या, परीक्षणाचे केवळ नाटक करणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली आणि पुढील छाननीचा कक्ष पुणे विद्यापीठात ठेवला. यादी गाळून निघाली, पण ज्या लेखकाचा लेख परत आला त्याच्या हाती कारण पडले काय, हे ती यादी सांगत नव्हती.

म्हणून आपल्या वास्तुमहाविद्यालयांतून नियतकालिके चालविणाऱ्यांस विनंती एवढीच की, नावांचे पडदे हवे तेवढे लावावेत अथवा काढावेत, पण परत जाणाऱ्या प्रत्येक लेखाबरोबर कोणता नकाशा कोठे चुकला, कोणते माप जुळत नाही, कोणते विधान पुराव्याविना आहे, हे सांगणारा एक पानभर तरी लेखी अभिप्राय अवश्य जोडावा; आणि लेखकाची संमती असेल तर छापलेल्या लेखाखाली तो छापावाही.